पाहुण्यांचा कोपरा

पौषातली थंडी उतरणीला लागली की शाळेमागच्या मैदानावरचा भोंगा सुरू होतो. आधी नुसती खरखर. मग कोणीतरी त्यात फुंकर मारतं. मग "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." एवढं कानावर पडलं की माझं तव्यावरचं लक्ष उडतं आणि एक भाकरी करपते. सून म्हणते, "सामने लागले वाटते, आई," आणि करपलेली भाकरी निमूट आपल्या ताटात घेते. चाळीसच्या वर वर्षं झाली, दर हिवाळ्याला एक भाकरी ठरलेली.

कबड्डी मला आवडत नाही असं नाही. आवडते, म्हणून तर चिडचिड होते. आता मैदानावर रबराची गादी अंथरतात. पोट्टे बूट घालून खेळतात, पडले तरी अंगाला माती लागत नाही. अंगाला माती न लागता कोणी हरलं, तर ते हरणं मला खरंच वाटत नाही. आमच्या वेळी माती चाळून टाकायचे, तीवर पाणी शिंपायचे, चुन्याच्या रेघा मारायचे. संध्याकाळपर्यंत रेघा पुसून जायच्या आणि कोण रेषेच्या आत होतं यावरून अर्धं गाव भांडत घरी जायचं. ते भांडणही बरं होतं. मोठ्यानं भांडता येत होतं ना!

माझी चिडचिड मात्र मोठ्यानं करता येण्यासारखी नाही. ती अशी दर वर्षी भाकरीत जाते.

या वर्षी भोंगा वाजला त्याच आठवड्यात अनूचा फोन आला. अनू माझी नात, जपानात ओसाकाला नोकरी करते. तिथं थंडी कशी, भात कसा, हे सांगून झालं आणि म्हणाली, "आजी, इथं आली त्याच वर्षी मॅच पाहाले गेलती मी. सांगाचंच राहून गेलं. बेसबॉलची."

"ते काय असते?"

"आपली लगोरी अन् क्रिकेट मिळून काहीतरी समज. माझ्यासोबत काम करते ना ती पोरगी, ती दूरच्या गावची. तिच्या गावचा संघ इथं खेळाले आला होता. मंग मी तिच्यासोबत पाहुण्यांच्या बाजूनं बसली."

"अन् तिथल्या लोकायनं काही म्हटलं नाई?"

"काऊन म्हणतीन? पाहुण्यांच्या बाजूनं ओरडणाऱ्यायले एक कोपराच वेगळा देतात, आजी. तिथं बसाचं, आपल्या संघाच्या रंगाचे कपडे घालाचे, ढोल वाजवाचा, लागन तेवढं ओरडाचं. प्रत्येक खेळाडूचं गाणं वेगळं. अन् समोरच्यांची पाळी आली की खाली बसून डबा खायाचा."

अनूला वाटलं लाइन कटली. "हॅलो? आजी?" ती ओरडून राह्यली होती आणि मी मनात तो कोपरा पाहत होते. एवढासा. दोरी लावून वेगळा केलेला. सोय म्हणून केलेला, एवढंच. आमच्या अल्लीपूरच्या मैदानावर तेवढी एक दोरी कोणाला सुचली असती तर?

अल्लीपूर माझं सासर. माहेर पुलगावला लागून असलेलं नाचणगाव. दोन्ही याच जिल्ह्यातली, यष्टीनं अर्ध्या दिवसात गाठता येतील अशी. पण मैदानावर मध्यरेषेच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरं गाव उभं राहिलं की मधलं अंतर किती होतं, ते त्या दोन्ही गावांत जिचा जीव आहे तिलाच ठाऊक.

माझा भाऊ सुधाकर माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो चार वर्षांचा आणि मी सातची, तेव्हा आई वावरात गेली की तो माझ्या ताब्यात असायचा. आमच्या अंगणात पऱ्हाटीची गंजी रचलेली असायची, कापूस निघून गेल्यावरच्या वाळक्या झाडांची, जळणासाठी. एकदा मी त्याला त्या गंजीवर चढवलं. मीच चढवलं. उतरताना एक काडी त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. डोळा राहिला, नजर गेली. वरून पाहणाऱ्याला काही कळायचं नाही, पण डाव्या बाजूचं त्याला सगळं धुक्यात असल्यासारखं. आई मला बोलली नाही. बोलली असती तर फिटलं असतं.

पुढे तो कबड्डीत शिरला, आणि असा शिरला की त्याच्या चढाईला समोरचे सात जण मागं सरकायचे. अडचण एकच. डाव्या कोपऱ्यातून कोणी पायाशी आलं तर त्याला दिसायचं नाही. ते पाहायला त्याला पूर्ण मान वळवावी लागे. मान वळवली की पाऊल अडखळायचं, दम तुटायचा, चढाई फुकट जायची. मग आमचं दोघांचं ठरलं. मी दोरीशी बसायची. डावीकडून कोणी निघालं की ओरडायची, "डावं!" एकच शब्द. माझा आवाज ज्वारीच्या राखणीत तयार झालेला. मचाणावर उभी राहून मी आरोळी दिली की शेजारच्या दोन वावरांतली पाखरं उडायची. गर्दी कितीही ओरडो, तांदळातून खडा वेचावा तसा सुधाकर माझा आवाज वेचून घ्यायचा. संघातल्या पोट्ट्यांनाही हे माहीत नव्हतं. त्यांना वाटे, याची बहीण जरा जास्तच बोंबलते.

"बाई, कोणाले सांगू नको हां," तो म्हणायचा. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात.

"मी कायले सांगन?"

पाहा, हे मी म्हणाले होते.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. माझ्या लग्नाला तिसरा हिवाळा. कापसाची शेवटची वेचणी चालली होती. बायांच्या रांगा, प्रत्येकीच्या कमरेला कापसानं फुगलेली ओटी, आणि हात चालतात तशी तोंडं. माझ्या शेजारच्या ओळीला वच्छला, आमच्या घराला लागून तिचं घर. तिचा भाऊ पोलिसात होता. दोन ओळी संपेपर्यंत भावाची टोपी, भावाचा पट्टा, भावाची सायकल. सासुरवाशिणीला दुसरीच्या माहेराचा तोरा किती वेळ ऐकवतो? मी म्हणाले, "माहा भाऊ तं एका डोळ्यानं खेळते, तरी कोणाच्या हाती लागत नाई."

"एका डोळ्यानं? कोनता डोळा वो?"

"डावा," मी म्हणाले, आणि पुढचं बोंड वेचलं.

झालं. एवढंच. तेव्हा मला वाटलं, वच्छलाला बरी गप्प केली.

त्या वर्षी अल्लीपूरच्या सामन्यांना नाचणगावचा संघ आला. आठ दिवस आधीपासून माझ्या पायांना जमीन लागत नव्हती. पाहुण्या संघांच्या जेवणाची सोय गावातल्या घरांनी वाटून घ्यायची, असा तेव्हा रिवाज होता. नाचणगाव म्हटल्यावर आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पूर्ण संघ आपल्याच घरी सांगून टाकला. शेवटचा सामना दुपारून, अल्लीपूर विरुद्ध नाचणगावच. आणि सकाळी अंगणात गोवऱ्यांचा विस्तव करून त्यात कणकेचे रोडगे भाजायला घातलेले. वांग्याची भाजी, वरण, आणि फोडलेल्या रोडग्यावर तुपाची धार. हे जेवण जेवलेला माणूस त्या दिवशी बसल्या जागेवरून उठत नाही, कबड्डी कुठली!

मामी म्हणजे माझी सासू. जीव लावणारी बाई, खोटं बोलणार नाही. पण आग्रह तिच्या हाडात होता. माझ्या मागं उभी राहून म्हणायची, "सुनेच्या माहेरचे हायत, हात राखून वाढू नको."

सुधाकर हात आडवा धरून म्हणाला, "पुरे वो बाई, खेळाचं हाय."

"पुरे कसं? बहिणीच्या घरचं ताट असं लवकर सोडतेत का?" मामी.

बहिणीच्या सासरी नाही कसं म्हणायचं? त्यानं हात काढून घेतला. मी वाढलं. माझ्याच हातानं वाढलं. संघातला एक जाडासा पोट्टा म्हणाला, "मामी, हरवाचं तं मैदानावर हरवा ना, ताटात काऊन हरवता?" सगळी पंगत हसली. मामीपण पदर तोंडाला लावून हसली.

तेवढ्यात प्रल्हाद, माझा धाकटा दीर, तुपाचं भांडं घेऊन आला. तो अल्लीपूरचा पकडवाला, कायम चढाईवाल्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात उभा राहणारा. सगळ्यांना त्यानं समोरून वाढलं. सुधाकरपाशी मात्र मागून आला, त्याच्या डाव्या खांद्याशी वाकला आणि तसाच थांबला. तूप घेऊन कोणी जवळ आलं तर जेवणारा एकदा तरी वर पाहतो. सुधाकर खाली मान घालून जेवत राहिला. प्रल्हादनं भांडं तिरपं केलं. ताटात धार पडली तसा सुधाकर दचकला.

"घाबरले का पाव्हणे?" प्रल्हाद हसला. आणि एकदा माझ्याकडे पाहून पुढं गेला.

माझ्या हातातला पळा वरणात पडला. वच्छला मला आठवली. ते बोंडही आठवलं.

त्यानंतर मी काय काय केलं! हात धुवायला पाणी द्यायचं निमित्त करून सुधाकरच्या मागं विहिरीशी गेले. "सुधा, ऐक..." एवढं म्हणते न म्हणते तोच ओसरीवरून मामी, "सूनबाई, सुपारी कुठं ठेवली वो?" मी सुपारी देऊन परत येते तर संघ निघालेला. फाटकाशी दहा जणांच्या घोळक्यात तो उभा, आमचे मामाजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. सासऱ्यासमोरून जाऊन पुरुषांच्या घोळक्यात शिरायचं आणि भावाला बाजूला ओढायचं? आज वाटतं, शिरायला हवं होतं. काय झालं असतं? चार दिवस बोलले असते. पण तेव्हा ते चार दिवस डोंगराएवढे दिसायचे.

जाता जाता तो लांबूनच म्हणाला, "येजो हां बाई मैदानावर."

गेले. बाया शाळेच्या ओट्यावर बसायच्या, घरातल्या म्हाताऱ्या पुढे, सुना मागे. मामी पुढे, तिच्या मागं वच्छला आणि मी. खाली अख्खं अल्लीपूर दोरीला रेटून उभं. नाचणगावकडून ओरडणारं कोण? त्यांचे दोन राखीव गडी आणि यष्टीतून सोबत आलेला एक म्हातारा. बस. त्यांचा आवाज असा, जसा लग्नाच्या वाजंत्रीत कोणी शिंकावं.

अर्धा सामना होईपर्यंत प्रल्हाद आपल्या नेहमीच्या कोपऱ्यातच होता. मला वाटलं, माझाच संशय. सुधाकर जड झाला होता, ते दिसत होतं, पण गडी मारून येत होता. त्यानं प्रत्येक चढाईला एकदा मान वळवली, दोनदा तर दम तुटेतो वळवली. तो अधूनमधून ओट्याकडे पाहायचा. इतक्या लुगड्यांत मी त्याला दिसत नसणार.

दोन्हीकडचे गुण सारखे झाले. शेवटची चढाई सुधाकरची. आणि मी पाहिलं, प्रल्हाद सरकत सरकत सुधाकरच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. वाकला. बोटं मातीला टेकवली.

"काऊन वो मुकी बसली?" वच्छलानं कोपर मारलं. "दीर खेळून राह्यला तुहा, अन् तोंडात मूग धरले का?"

मामी वळली. "ओरड ना वो. तुह्या आवाजाचं लय कौतुक ऐकलं आम्ही."

ते ऐकून पुढच्या बाया वळल्या. दोरीशी उभे असलेले मामाजीही वळून पाहायला लागले. मी उभी राहिले. छातीत दम भरला. जिभेवर तोच शब्द होता, खरंच होता. मैदानावर सुधाकरनं रेषा ओलांडली होती. प्रल्हाद एक पाऊल पुढे आला होता. सगळी माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि माझ्या तोंडातून निघालं, "अल्लीपूर!"

पाखरं उडवणारा आवाज तो. पूर्ण मैदानावर गेला.

सुधाकरनं कान टवकारले, मी पाहिलं. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. घरात पाऊल टाकल्यावर होतो तसा. मान न वळवता तो डावीकडून आत शिरला. प्रल्हादनं घोटा धरला. त्याच्यावर दुसरा पडला, त्याच्यावर तिसरा. धूळ बसली तेव्हा सुधाकर मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे पालथा पडला होता, हात लांब केलेला.

बायांनी मला मिठ्या मारल्या. "आवाज असावा तं असा!" वच्छला म्हणाली. मामीनं माझ्या गालावरून बोटं मोडली. गुलाल उडाला, ढाल वाजतगाजत आमच्या दारात आली आणि दिराला ओवाळायला तबक माझ्याच हातात दिलं. मी ओवाळलं. तिकडे यष्टीच्या थांब्यावर जायच्या आधी सुधाकर दाराशी आला. कपाळाला खरचटलेलं, केसांत माती. "येतो बाई," म्हणाला. मी म्हणाले, "हळद लावजो त्याले."

भाऊबीजेला तो आला तेव्हा सांगितलं, तेही हसत हसत, फराळ खात. "तुहा आवाज आला ना, मंग म्हटलं, बाई पाहून राह्यली. बाई पाहून राह्यली तं डावीकडं पाहाचं आपल्याले काम नाई. तू डावं म्हटलं नाई, तं मी समजलो मोकळं हाय." चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "आवाजच नसता आला तं मान वळवली असती मी. सवय झालीच होती."

अल्लीपूर काऊन ओरडली, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले तरी असते, रडले तरी असते. तो चांगला वागला आणि मला काही करायला जागा ठेवली नाही. वेचणीतली गोष्ट मी त्याला त्या दिवशी सांगणार होते. सांगितली नाही. अजून नाही.

पुढच्या हिवाळ्यात ज्या गावी नाचणगावचा संघ जाईल, त्या गावाचा पक्का गडी सुधाकरच्या डावीकडे उभा. असल्या बातम्या पसरायला यष्टी लागत नाही. त्यानं दोन हंगाम काढले आणि खेळणं सोडलं. वय काय होतं? पंचविशीसुद्धा नाही. जिनिंगमध्ये कामाला लागला, संसार केला, नातवंडं झाली. आता त्याच्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. खेळ का सोडला असं कोणी विचारलं की म्हणतो, "दम राह्यला नाई."

मामी गेली, त्यालाही वर्षं झाली. वच्छला मुलाकडे नागपूरला असते. प्रल्हाद मात्र इथंच, शेजारी. गुडघे गेले त्याचे, काठी टेकत येतो. भोंगा वाजला की माझ्या अंगणात खुर्ची ओढून बसतो, चहा घेतो आणि समोर जो कोणी असेल त्याला ती पकड सांगतो. हातवारे करून, घोटा कसा धरला ते दाखवून. शेवटी हमखास म्हणतो, "पण खरं सांगू का, त्या दिवशी आमी वहिनीच्या आवाजानं जिंकलो." आणि कप पुढे करतो. मी त्यात अजून चहा ओतते. काय करू? तो खोटं थोडंच बोलतो.

एकदा, अनू कॉलेजात असेल तेव्हा, मी ठरवलं की बस झालं. सामने लागले होते, नाचणगावचीच पोरं आली होती, सुधाकरला ओळखणारीही त्यांत कोणी नसेल अशी कोवळी. म्हटलं, आता आपल्याला कोण अडवतं? सासू नाही, सासरा नाही, केस पांढरे झाले. दोरीशी जाऊन उभी राहिले, दम भरला आणि ओरडले, "नाचणगाव!" घशातून नुसता वारा निघाला. बाजूचा माणूस म्हणाला, "काकू, पाणी आणू का?" इतका संताप आला की सामना अर्धा टाकून घरी आले आणि उगाच दळण निवडत बसले.

हे सगळं मी अनूला फोनवर सांगितलं नाही. काय सांगायचं? तिला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. मी एवढंच विचारलं, "ते कोपऱ्यातले कोपऱ्यात बसले, बरं झालं. पण पाहुण्यांकडची एखादी बाई घरच्या गर्दीत बसलेली असन तं? तिचा नवरा तिथला असन, सासर तिथलं असन, तं?"

"ती गप्प बसते, आजी. तिथं बसून पाहुण्यांसाठी ओरडाचं नसते. नियमच हाय तसा."

"अन् तिले कोनी म्हणत नाई, की ओरड आमच्याकडून?"

अनू हसली. "नाई वो आजी. गप्प बसलेल्या माणसाले कोण कायले काय म्हणन?"

बाहेर भोंग्यावर संघांची नावं पुकारत होते. तव्यावर भाकरी होती, वास यायला लागला होता.

"अनू," मी म्हणाले, "परत मॅच पाहाले गेली ना, तं त्या घरच्या गर्दीत एकदा पाहजो. कोनी बाई गप्प बसलेली दिसली, तं तिले बसू देजो. तिच्या अंगाले हात लावून ओरड म्हणू नको."

"मी काऊन म्हणन, आजी?"

"नाई म्हणणार तू," मी म्हणाले, आणि करपलेली भाकरी तव्यावरून उतरवून आपल्या ताटात घेतली.